मैत्रीण या शब्दामुळे आलेली दोन स्थळं

दोन बायकांच्या प्रेमाचा सिनेमा आमच्या घरी सगळ्यांनी मिळून शेवटपर्यंत पाहिला, आई आणि मावशी रडल्यासुद्धा, आणि तो दोन बायकांच्या प्रेमाचा आहे हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. यात दिग्दर्शकाची काही चूक नव्हती. मराठी सबटायटल्स मी लिहिली होती.

माझे बाबा मार्केट यार्डात तोलणाराचं काम करतात. कांद्याची पोती काट्यावर चढतात, बाबा वजन बघून मोठ्याने सांगतात आणि मग त्या आकड्यावर कुणी वाद घालत नाही. मी लहान असताना आम्ही यवतमाळकडून पुण्यात आलो. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे तिथे जे शिकवतात त्याचा पुढे उपयोग काय, हे मला अधूनमधून विचारलं जातं. मला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही. बाबा एका शब्दात पोत्याचा निकाल लावतात, आणि मला साधं ‘सुट्टी आहे’ हे सांगायलाही आधी प्रस्तावना लागते.

आमच्या कॉलेजात एक चित्रपट मंडळ आहे. त्यांनी यंदा स्त्रियांच्या आपसातल्या प्रेमावरचे सिनेमे दाखवायचे ठरवले. मंडळाचे सर म्हणाले की हे सिनेमे फक्त आपण आपल्यातच बघून काय उपयोग, घरच्यांनाही आणा, आयांना आणा. पण मग मराठी सबटायटल्स हवीत. वर्गातली सगळी मुलं फाडफाड इंग्रजी बोलणारी. मराठी ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहायचं म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. कॉलेजच्या तीन वर्षांत माझ्याकडे एकदम सगळ्यांनी पाहण्याची ही पहिलीच वेळ. मी हो म्हणाले.

हो म्हणण्याचं खरं कारण वेगळं होतं. ते कारण म्हणजे ऋतुजा.

ऋतुजा खामगावची. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि माझ्याच वर्गात आहे. ती माझी कोण, हे आम्हा दोघींना पहिल्या वर्षाच्या शेवटी कळलं होतं. माझ्या आईला अजून कळलं नव्हतं. ते आईला सांगायचं, आणि आईने मला टाकायचं नाही, एवढंच मला हवं होतं. आईला ऋतू आवडायची. ती घरी आली की आई तिला न विचारता दुसरी भाकरी वाढायची. (ती ‘आपल्यातलीच’ आहे, हे आईने पहिल्या भेटीतच आडनाव आणि मामाचं गाव विचारून काढून घेतलं होतं.) पण सांगायचं कसं? मी कितीदा तरी ओट्याशी जाऊन उभी राहायचे, आई विचारायची, “काय वं, भूक लागली का?” आणि मी हो म्हणायचे. त्या वर्षात माझं वजन बरंच वाढलं.

तेव्हा मी ठरवलं, की आपल्याला बोलता येत नाही तर सिनेमाला बोलू द्यावं. आधी घरी सिनेमा दाखवायचा. आईला कळेल. मग ती माझ्याकडे बघेल, आणि मी फक्त मान हलवायची.

सिनेमा समुद्रकाठच्या एका थंड देशातला होता. मासे डब्यात भरायच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोघीजणी, एक उंच आणि एक कुरळ्या केसांची, एका खोलीत राहतात. एकमेकींच्या प्रेमात पडतात. मग कुरळीच्या घरचे तिचं लग्न एका बोटवाल्याशी लावून देतात आणि उंच एकटी राहते. पुष्कळ वर्षांनी दोघी बसस्टँडवर भेटतात, उंच तिची पिशवी हातात घेते, आणि दोघी न बोलता चालू लागतात. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पुढचे दोन तास मला लेक्चरला बसता आलं नाही.

आता लिहायला बसले, तर पहिल्याच प्रसंगात अडले. उंच मुलगी कारखान्यातल्या बाईला कुरळीची ओळख करून देते, तिथे तिने जो शब्द वापरला त्याला मराठीत काय म्हणावं? ‘प्रेयसी’ लिहिलं, तर वाटलं आता ती पडदा उघडून नाट्यगीत म्हणेल. ‘समलिंगी जोडीदार’ लिहिलं, तर ती उंच मुलगी पाच गुणांच्या टिपेचं उत्तर देतेय असं वाटायला लागलं. ‘माझी बाई’ भलतंच वाटलं. शेवटी मी ‘मैत्रीण’ लिहिलं. तात्पुरतं, नंतर बदलू म्हणून. पुढे जिथे जिथे अडले तिथे तिथे तेच लिहीत गेले. ‘तुझ्यावर माझं प्रेम आहे’ लिहून झाल्यावर ते वाक्य आई वाचते आहे असं डोळ्यांसमोर आलं, आणि माझ्या हाताने ते खोडून ‘तू मला फार आवडतेस’ असं केलं. ‘तुझ्याशिवाय मला झोप लागत नाही’ याचं ‘तुझी फार सवय झाली आहे’ झालं.

ऋतूला वाचायला दिलं. तिने सगळं वाचून काढलं आणि शांतपणे म्हणाली, “छान झालंय. दोघी एका भिशीत आहेत का?”

मी म्हटलं, चेहरे दिसतात ना पडद्यावर, चेहऱ्यांवरून कळेल. ती म्हणाली, बघ बाई.

बाबांच्या सुट्टीच्या दिवशी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. प्रेक्षक तीन: आई, बाबा आणि शेजारच्या गल्लीत राहणारी माझी मावशी. मावशीला मनातल्या मनात वाचता येत नाही. ती प्रत्येक ओळ खड्या आवाजात वाचायची, त्यामुळे त्या दोघी हलक्या आवाजात जे काही बोलत होत्या ते आमच्या मजल्यावर सगळ्यांना ऐकू जात होतं. “तू-मला-फार-आवडतेस!” मावशी ओरडली, आणि समोरच्या काकूंनी दार उघडून बघितलं.

पहिलं चुंबन आलं. मी उशी घट्ट धरली. मला वाटलं, झालं, आता कळलं. मावशीने आईला समजावून सांगितलं, “त्याइच्यात तसंच असते. भेटलं का मुका घेतात. आपण नाई का हात जोडत.” आईने मान डोलावली. पुढे एका प्रसंगात खोलीतला दिवा मालवतो आणि बराच वेळ पडद्यावर काळोख राहतो. बाबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, तिकडेही लोडशेडिंग आहे वाटतं.

शेवटच्या बसस्टँडच्या प्रसंगाला मात्र मावशीनेही वाचणं थांबवलं होतं (वाचायला काही नव्हतंच). सिनेमा संपला तेव्हा आई पदराने डोळे पुसत होती. मी उठून उभी राहिले, आणि मान हलवायच्या तयारीत आईकडे बघत राहिले.

“शोभी आठवली,” आई म्हणाली.

शोभा ही आईची गावाकडची मैत्रीण. दोघी एका विहिरीवर पाणी भरायच्या, एका कासऱ्याने सरपण बांधायच्या. शोभाचं लग्न आधी झालं, ती तेलंगणाच्या बाजूला कुठेतरी गेली, आणि आईने तिला पुन्हा कधीच पाहिलं नाही. हे सगळं आईने आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. बाबांनाही माहीत नव्हतं.

मावशीने नाक ओढलं आणि निकाल दिला. “एवढी मैत्री व्हती तं दोघींनं एकाच घरात लग्न कराचं व्हतं नं. दोन भाऊ पाहाचे. जावा-जावा होऊन जन्मभर संग राहिल्या असत्या.”

आई कितीतरी वेळ मावशीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “तुह्यं अन् ऋतूचं मी असं होऊ देनार नाई.”

मी मान हलवली. (तयारीच तशी होती.)

त्या मान हलवण्याचा अर्थ आईने होकार असा घेतला, हे मला पुढच्याच आठवड्यात कळलं. आई कामाला लागली होती. बाबांना तिने यार्डात चौकशी करायला लावली: एकाच घरातले दोन भाऊ, दोघं लग्नाचे, निर्व्यसनी, आणि एकत्र राहणारे. बाबांनी वजनाइतक्याच चोखपणे ते काम केलं. यार्डात बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा, धंदा करणारं एक घर होतं. आपल्यातलेच, पण दोन पिढ्या पुण्यात. मोठा मुलगा दुकान बघायचा, धाकटा बँकेत होता. मी आईला सांगायला गेले की मला आत्ता लग्न करायचं नाही. आई म्हणाली, “आत्ता कोन म्हनते? परीक्षा झाल्यावर. पन असं दोघींचं जमून येनारं घर पुन्हा भेटन का?”

आई जगातल्या सगळ्या मुलींच्या आयांपेक्षा चांगली वागत होती. ती एकटीच अशी होती जिला मी आणि ऋतू जन्मभर एका घरात राहायला हव्या होत्या. फक्त मध्ये दोन भाऊ येत होते.

मी ऋतूला भेटायला सदाशिव पेठेत गेले. तिला हे कसं सांगावं याचा रस्ताभर विचार करत होते, पण तिला आधीच कळलं होतं. माझ्या आईने खामगावला फोन केला होता. दोन्ही आयांचं बोलणं लांबलं, मग रोज व्हायला लागलं, आणि आता त्या एकमेकींना लोणच्याची कृती सांगत होत्या.

“माझी आई तुझ्या आईला ताई म्हणायला लागलीय,” ऋतू म्हणाली. “घरच्यांची पसंती झाली, मनं जुळली, मानपानाचंही ठरेल. फक्त नवरे जास्तीचे आहेत.”

मी हसले, आणि मग मला रडू आलं. ऋतूने मला रुमाल दिला नाही. ती म्हणाली, “प्रणू, मी माझ्या घरी सांगेन, पण आधी तू तुझ्या घरी सांग. तुझी आई ऐकेल अशी आहे. तू बोलली नाहीस तर आपण खरंच जावा होऊ. आणि मला जाऊ म्हणून तू अजिबात नकोस.” शेवटचं वाक्य ती हसून बोलली नाही.

बघायचा दिवस ठरला. खामगावला सोयाबीन काढणीला आलं होतं, त्यामुळे ऋतूच्या घरच्यांना येता आलं नाही. काकूंनी, म्हणजे ऋतूच्या आईने, फोनवर सांगितलं, ताई, तुम्हीच तिची आई, तुम्ही बघा. आईला ते ऐकून एवढं भरून आलं की तिने ऋतूसाठी आपली गर्भरेशमी साडी काढली आणि माझ्यासाठी मावशीची मागून आणली. मी रोज सांगायचं ठरवत होते. आदल्या दिवशी तर मी ओट्याशी जाऊन “आई, तो सिनेमा आहे ना” इथपर्यंत पोहोचले होते. आई म्हणाली, “बाप्पा, त्या सिनेमानं तं डोये उघडले माहे.” मी पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला.

पाहुणे आले. आई-वडील आणि दोघं भाऊ. माझी आई घरात वऱ्हाडी बोलते आणि पाहुण्यांसमोर पुणेरी, त्यामुळे ती थोडी ताठ बसली होती. आम्ही दोघींनी पोहे दिले. आणि पहिला गोंधळ तिथेच झाला, कारण कोणती मुलगी कोणत्या मुलासाठी हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. वडील म्हणाले, जी मोठी ती मोठ्याला. आमच्यात ऋतू मोठी निघाली. मग मोठ्याने तिच्याकडे आणि धाकट्याने माझ्याकडे बघायला सुरुवात केली. पण आम्ही मघाशी उलट्या बाजूंना बसलो होतो, त्यामुळे दोघांच्या नजरा एकमेकांना कापून जात होत्या आणि मधल्या टीपॉयवर टक्कर झाल्यासारखी वाटत होती.

मुलांच्या आईने विचारलं, दोघींचं पटतं ना? जावांचं पटलं नाही तर घर फुटतं.

माझी आई याच प्रश्नाची वाट बघत होती. ती सांगू लागली, की एकीला ताप आला तर दुसरी उपाशी राहते. एकीने नवीन ओढणी घेतली की ती दुसरीच्या अंगावर दिसते. फोन आला की तासभर ठेवत नाहीत, आणि ठेवल्यावर लगेच पुन्हा करतात. आई एकेक गोष्ट सांगत होती आणि मी एकेक इंच खाली जात होते. हे सगळं तिने पाहिलं होतं! तिला सगळं दिसत होतं, जे दिसत होतं ते आवडतही होतं. नाव तेवढं भलतं होतं, आणि ते मी दिलं होतं.

मग वडिलांनी सहज सांगितलं, की मोठा पुढच्या वर्षी सांगलीला दुकान काढणार आहे. तिकडे हळदीच्या व्यापाऱ्यांना बारदान पुष्कळ लागतं. लग्नानंतर तो तिकडेच राहील.

आई थांबली. “म्हणजे ऋतू सांगलीला जाणार?”

“हो. अधूनमधून येईल की सणाला.”

“मग नाही जमायचं,” आई म्हणाली.

बाबांनी आईकडे पाहिलं. मावशीने आईला चिमटा काढला. आई हलली नाही. ती पुन्हा म्हणाली, की दोघी एका घरात राहणार असतील तरच, नाहीतर आम्हाला हे स्थळ नको. मुलं चांगली आहेत, घर चांगलं आहे, पण दोघींना वेगळं करायचं नाही.

मुलांच्या आईने चहाचा कप बशीत ठेवला. तिने आवाज जरासुद्धा चढवला नाही. “अहो, तुमच्या मुलींना लग्न आमच्या मुलांशी करायचंय की एकमेकींशी?”

मी वर्षभर ज्या गोष्टीसाठी शब्द शोधत होते, ती एका परक्या बाईने सरळ विचारून टाकली होती. उत्तरात काही लिहायचं नव्हतं, काही खोडायचं नव्हतं. दोनांतला एक पर्याय निवडायचा होता.

“एकमेकींशी,” मी म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक आला की धाकट्या भावाने “काय?” असं विचारलं. तेव्हा ऋतूने स्पष्ट आवाजात सांगितलं, “ती म्हणाली, एकमेकींशी. माझंही तेच आहे.”

मोठा भाऊ पोहे चावतच राहिला. मग मुलांची आई उठली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, “मग आमच्या मुलांचं इथे काही काम दिसत नाही.” वडील तिच्या मागोमाग निघाले. मोठ्याने बशी संपवली आणि तोही निघाला. धाकटा दारात जरा घुटमळला, काय म्हणावं त्याला कळेना, शेवटी आम्हा दोघींना “ऑल द बेस्ट” म्हणून गेला. मावशीला अचानक घरी गॅसवर दूध ठेवलेलं आठवलं.

बाबा पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून आले. खुर्चीत बसले. “म्हणजे आता दोन पोरं पाहायची नाहीत,” ते म्हणाले. मी नाही म्हटलं. “एकही नाही?” मी पुन्हा नाही म्हटलं. ते उठून गॅलरीत गेले. या विषयावर बाबा अजूनही माझ्याशी बोललेले नाहीत. ऋतू आली की मात्र टीव्हीचा आवाज कमी करतात. मी ते चांगल्या अर्थाने घेते.

आई बशा गोळा करत होती. एकात एक ठेवत होती, पुन्हा काढत होती. ऋतू मदत करायला उठली तर आईने तिला हातानेच बस म्हटलं. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “त्या सिनेमातल्या दोघी?”

“हो आई.”

“तशा?”

“तशाच.”

“मले वाटलं, शोभीसारखी मैत्रीण असन.” ती बशांकडे बघत राहिली. “मंग तसं लिहाचं नं वं. एवढं शिकली तू. शब्द नव्हता का?”

“नाही सापडला.”

आईने विचार केला. खरंच केला, मी तिचे ओठ हलताना पाहिले. ती एकेक शब्द तोंडात घेऊन बघत होती आणि सोडत होती. मग म्हणाली, “मलेही नाई सुचत.” आणि तिने एका बशीत उरलेले पोहे काढले आणि ऋतूच्या हातात दिले. स्वतःला काही घेतलं नाही. तिचे डोळे लाल होते. पण ऋतूला बशी दिली होती. मी त्या बशीकडे बघत राहिले.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. खामगावच्या काकू. काय झालं हे ऐकायला त्या दुपारपासून वावरातून घरी येऊन बसल्या असणार. आईने फोन उचलला, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि म्हणाली, “मोडलं वं बाई. पोरींना वेगवेगळं ठेवनार व्हते ते. मले नाई चाललं.”

पलीकडून काकूंचा आवाज खोलीभर ऐकू आला. त्या म्हणाल्या, ताई, तुम्ही बरोबरच केलं, आणि अजिबात काळजी करू नका, आमच्याकडे शेगावला एक घर आहे, जुळे भाऊ आहेत, एका मिनिटासाठीही एकमेकांना सोडत नाहीत.

ऋतूने हातातली बशी खाली ठेवली. “माझी आई आहे, मी सांगते,” ती म्हणाली आणि उठली. पण आईने तिला थांबवलं. फोनवर हात ठेवून तिने तो माझ्यासमोर धरला.

“हे सारं तुह्या लिहिण्यानं झालं. तूच सांग. अन् सरळ सांग.”

मी फोन घेतला. आई समोर उभी होती, ऋतू बाजूला उभी होती, गॅलरीतून बाबाही वळून बघत होते. मी पदर सावरला, मोठा श्वास घेतला, आयुष्यातलं सगळं धैर्य गोळा केलं, आणि संध्याकाळी पाच वाजता काकूंना विचारलं, “काकू, जेवलात का?”